सहा फेरीबोटी, एक पंक्चर आणि जड पाय

जानेवारीत रेवस ते पणजी सागरी रस्ता सायकलवर केला, एकटीने, अकरा दिवसांत. परत येऊन तीन आठवडे झाले तरी उजवी करंगळी अजून अर्धवट झोपलेलीच आहे त्यामुळे टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. वय ४६, ठाण्यात राहते, ऑफिसात अकाउंट्स बघते, सायकल साधी हायब्रिड, सामान नऊ किलो. मार्च एंडिंगच्या आधी रजा संपवायची होती, मैत्रीण येणार होती ती आयत्या वेळी गळाली, आणि मी म्हटलं आता नाही गेले तर कधीच नाही.

निघण्यापूर्वी जो तो एकच म्हणत होता, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच की. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी वेसवीच्या जेट्टीवरून वर चढायला लावणार आहे, सामानासकट. नकाशात रस्ता किनारा धरून जाताना दिसतो, पण खरं असं होतं की खाडी आली की तो तिच्यापर्यंत उतरतो, बोटीने पलीकडे गेलात की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर चढतो, सड्यावर ना झाड ना सावली, तिथून पुढच्या गावासाठी परत समुद्राच्या लेव्हलला. म्हणजे जेवढं कमावलं तेवढं प्रत्येक गावात खर्च. माथेरानसारखा एकच मोठा चढ असता तर परवडला असता.

दिवस १ : भाऊचा धक्का ते मुरुड

नवऱ्याने पहाटे भाऊच्या धक्क्यावर सोडलं, लाँचच्या टपावर सायकल दोरीने बांधली, तिचं वेगळं तिकीट. रेवसला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मी भयंकर उत्साहात होते. अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, काशीद. दर दहा किलोमीटरला फोटो. संध्याकाळी मुरुडला पोचून दोन प्लेट भजी खाल्ली आणि घरी फोन करून सांगितलं, अगं काहीच नाही हे. (आई होती फोनवर. तिने हे वाक्य पुढे दहा दिवस रोज ऐकवलं.)

दिवस २ : मुरुड ते हरिहरेश्वर

आगरदांडा ते दिघी फेरीबोट. इथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात, गाड्या पोटात घेणारी सपाट बोट. बोटीवर एक कोळीण भेटली, टोपल्या रिकाम्या करून परत चाललेली, तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे, मग परत माझ्याकडे, आणि विचारलं, "गाडी बिघारली का?" मी म्हटलं नाही, हीच गाडी आहे माझी. त्यावर तिने बाजूच्या बाईला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा किनाऱ्याचा पट्टा सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर, यावर वाद नको. हरिहरेश्वरला घरगुती खाणावळीत मोदक. चार खाल्ले. मांड्या दुखत होत्या पण छान दुखत होत्या, व्यायामानंतर दुखतात तशा.

टीप : बोटींच्या वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारा, नेटवरच्या भरवशावर राहू नका. रात्रीची बोट मिळेल असं धरू नका. सुटे पैसे ठेवा.

दिवस ३ : ज्या दिवशी मी मैलाच्या दगडावर रडले

सकाळी बागमांडल्याला बोट चुकली, म्हणजे डोळ्यांसमोरून गेली. पुढची येईपर्यंत टपरीवर चहा घेतला पण खायला काही घेतलं नाही कारण आदल्या दिवशीचे मोदक अजून पोटात आहेत असं वाटत होतं. ही चूक. पुढे वेसवी, बाणकोट, वेळास. कासवांच्या मोसमात वेळासला लोक ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, मी गेले तेव्हा पिल्लांना अजून वेळ होता. वेळासपासून केळशीच्या बाजूला जाताना जो चढउतार सुरू होतो त्याला काही लाजलज्जा नाही. गिअर संपले. खाली उतरून ढकलायला लागले. साडेबारा वाजले होते, पाणी होतं पण खायला फक्त एक केळं, तेही बॅगेत दबून चटणी झालेलं.

भूक लागून माणूस सायकलवर कोसळतो त्याचं आधी वाचलेलं होतं, पण त्यात भूक लागल्यासारखं वाटतच नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. मला आधी राग आला. कुणावर तर त्या न आलेल्या मैत्रिणीवर, मग नवऱ्यावर (त्याचा काही संबंध नाही), मग पीडब्ल्यूडीवर. मग थंड घाम, हात थरथर. एका दगडावर केळशी ७ वाचलं होतं आणि बराच वेळ ढकलत गेल्यावर पुढच्या दगडावर केळशी ९. तिथे मी सायकल आडवी टाकली, दगडाला टेकून बसले आणि चक्क रडले, आवाज काढून.

"काय गो बायो, पडलीस काय?"

वरच्या बांधावर एक आजी उभ्या होत्या, डोक्यावर कवळांचा भारा. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, मग रडतेस कशाला, घोवाने मारलान? मी म्हटलं नाही हो, भूक लागली असेल बहुतेक. हे बोलले तेव्हाच मला स्वतःला कळलं की भूक लागली आहे.

घर पन्नास पावलांवर होतं, झाडीत, रस्त्यावरून दिसलंच नसतं. पडवीत बसवलं. तांदळाची पेज, मीठ, भाजलेला सुका बांगडा, आंब्याचं लोणचं. पहिली वाटी मी कशी खाल्ली ते आठवत नाही, दुसऱ्या वाटीला जग परत रंगीत झालं. मुलगा मुंबईला भांडुपात, सून तिकडेच, नातू गणपतीत आणि मे महिन्यात येतो. मी ठाण्याची म्हटल्यावर आजींनी लगेच विचारलं, मग तो दिसतो का तुला कधी? मी सांगितलं भांडुप जवळच आहे, पण गर्दी फार असते. "हां, गर्दी असते म्हणतो तो पन." हे त्या अशा बोलल्या की मुलाच्या न येण्याचं कारण आता दुसऱ्या माणसाकडूनही पक्कं झालं.

पैसे द्यायचा प्रयत्न केला तो जमला नाही, मग बॅगेतलं चिक्कीचं पाकीट दिलं. चिक्की! माझ्याकडे चिक्की होती! सामानाच्या तळाशी, आईने कोंबलेली, आणि मी दगडावर बसून रडत होते. दर तासाला काहीतरी खा, भूक असो नसो, आणि खाऊ हँडलच्या बॅगेत ठेवा, तळाला नको. ही टीप मी चिक्कीच्या पाकिटाच्या मोबदल्यात विकत घेतलेली आहे.

अंधार पडता पडता हर्णैला पोचले. बंदरावरचा माशांचा लिलाव संपत आला होता, बघण्याची ताकद नव्हती.

दिवस ४ : हर्णै ते गुहागर

दापोलीजवळचं मुरुड हे दुसरं मुरुड, पहिल्या रात्रीचं नव्हे. हे महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्याला चालत गेले होते, सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांच्या वर, आणि पोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. लहानपणी शाळेत ही गोष्ट ऐकून फारसं काही वाटलं नव्हतं. यावेळी त्या गावात चहा पिताना मात्र माझ्या मनात एकच आलं, की मग त्यांना परतपण यावं लागलं असणार.

दाभोळ ते धोपावे बोट, पुढे गुहागर. पाय ठीक, पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. तळहाताच्या बाहेरच्या कडेवर सतत भार पडला की तिथली नस दबते त्याने असं होतं, हे आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. जाड ग्लोव्हज वापरा, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. मी नाही बदलली, म्हणून अजून भोगते आहे. आणि बसायच्या जागेचं कुणी स्पष्ट लिहीत नाही म्हणून मी लिहिते, खोबरेल तेलाचा काही उपयोग नाही, लहान बाळांच्या रॅशचं क्रीम घ्या, निघायच्या आधी लावा, लाजू नका.

दिवस ५ : तवसाळच्या जेट्टीवर

वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला आले तर बोट पलीकडे जयगडला. झाडाखाली एक काका बसले होते, पांढरी टोपी, पिशवीत भेंडी आणि एक भलं मोठं भिजवलेल्या सुतळीचं बंडल. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी पुढे गणपतीपुळ्याला जाणार म्हटल्यावर त्यांनी काठीने मातीत रस्ता काढायला घेतला.

"हा चढ बोटीतनं उतरल्या उतरल्या. तिथे लाल डबा पहिल्यावर टाकायला लागायचा, तुम्ही उतरून ढकला, लाज नाही त्यात. मग हा, हा दुसऱ्यावर. हा तिसरा खोटा आहे."

खोटा म्हणजे?

"म्हणजे वर पोचलो वाटतं, वळण घेतलं की परत आहेच. तिथे नवीन ड्रायव्हर फसायचे. वळणापर्यंत जीव लावायचा नाही."

आयुष्यात मला कुणी इतकं उपयोगी काही सांगितलेलं नाही. ॲपमध्ये चढाचा ग्राफ दिसतो, पण खोटा चढ कुठला ते दिसत नाही. पुढचा पाऊण तास त्यांनी त्यांच्या सगळ्या रूटांचे चढ गिअरनुसार सांगितले आणि मी पाय पसरून ऐकत होते. बोट आली तेव्हा मला ती लवकर आली असं वाटलं.

आणि हे फक्त तवसाळलाच नाही, सगळ्याच खाड्यांवर असं झालं. रस्त्यावर मी कुणाशी बोलत नव्हते, मान खाली, नजर तीन मीटर पुढच्या डांबरावर, कोणी हाक मारली तरी हात वर करून पुढे. रस्ता संपला, बोट नाही, म्हणून बसावं लागलं, तेव्हा माणसं भेटली. नव्या सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रात्री पोटात दुखलेल्या माणसाला पलीकडे न्यायचं तर पूलच हवा, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण सायकलवाल्यांनी बोटी आहेत तोवर जाऊन या.

तिसरा चढ खरंच खोटा निघाला. वळणापर्यंत जीव लावला नाही. मालगुंडला केशवसुतांच्या घराजवळ पाच मिनिटं थांबले आणि उजेडातच पुळ्याला पोचले.

दिवस ६ : रत्नागिरी, अर्धा दिवस

आरे वारे बघितलं, पंचवीसेक किलोमीटर करून रत्नागिरीत थांबले, गुडघ्याला बर्फ लावला, कपडे धुतले. दुपारी करमेना म्हणून थिबा पॅलेसला गेले. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला, पुढल्या वर्षी इथे आणला, १९१६ मध्ये इथेच गेला. तीस वर्षं. मला एका दुपारीत कंटाळा आला होता.

दिवस ७ : सड्यावरचा चहा

पावस, पूर्णगड, कशेळी. आडिवऱ्याच्या पुढे अकरा वाजता जे ऊन लागलं त्याला जानेवारी म्हणवत नाही. नियम असा होता की बारा ते साडेतीन चालवायचं नाही, पण सड्यावर थांबायला सावली तर पाहिजे. शेवटी एका आंब्याच्या बागेच्या गडग्यापाशी थांबले, कलमं मोहोराने भरलेली, औषध फवारणीचा वास. आतून एक माणूस आला, मला वाटलं हाकलतो आता. नेपाळी होता. कोकणात बागांच्या राखणीला, फवारणीला मोसमभर नेपाळी कुटुंबं असतात हे माहीत होतं, कधी बोलणं झालं नव्हतं.

त्याने बायकोला हाक मारली, तिने कोरा चहा केला, खूप गोड. तो हिंदीत म्हणाला मोसम संपला की जातो, मग परत येतो, मालक बरा आहे, माकडं फार आहेत. मुलगी तिकडे आजीकडे असते, शाळेत. फोनवर तिचा फोटो दाखवला, मागे डोंगरच डोंगर. मी म्हटलं इथे पण किती चढ आहेत ना, दमले बघा. तो सभ्य माणूस होता, आधी हो म्हणाला. मग त्याला राहवेना. "दीदी, बुरा मत मानना, पर यहाँ पहाड़ कहाँ है?" बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

साडेतीनपर्यंत तिथेच पडवीत आडवी झाले, झोप लागली. उठले तेव्हा माझी सायकल सावलीत सरकवलेली होती आणि बाटल्या भरलेल्या होत्या. मुक्काम जैतापूरला.

दिवस ८ : पडेल कॅन्टीन

विजयदुर्गाच्या फाट्याकडून देवगडकडे जाताना पडेल कॅन्टीन नावाचा स्टॉप आहे. पडेल हे गावाचं नाव, भविष्यवाणी नाही. माझ्या बाबतीत दोन्ही. नाक्याच्या जरा आधी खडीवर मागचं चाक सरकलं, मी ढोपरावर, आणि वर टायर पंक्चर.

पंक्चरवाला सापडला, त्याच्याकडे कॉम्प्रेसरपण होता, पण माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह तो बारीक विलायती, त्याच्या नळीला लागेना. त्यासाठी एक छोटा पितळी ॲडॉप्टर मिळतो, अंगठ्याच्या नखाएवढा, पन्नास रुपयांच्या आसपास, तो माझ्याकडे आहे. ठाण्यात, टीव्हीच्या खणात. (कोकणात सायकलवर जात असाल आणि व्हॉल्व्ह बारीक असेल तर बाकी काही विसरा, हा विसरू नका.)

म्हणून ट्यूब त्याने जोडली पण हवा मला माझ्या वीतभर पंपाने मारायला लागली. तेवढ्यात शाळा सुटली. पाच मिनिटांत भोवती दहाबारा पोरं, आधी लांबून, मग जवळून, मग एकाने विचारलं, "बाई, मी मारू?" मग पाळ्या लागल्या, प्रत्येकी पंचवीस, मोठ्याने मोजायचे, जो कमी मारेल त्याची शोभा. एका मुलीने तीस मारले आणि कुणाकडेही न बघता बाजूला झाली. शेवटी सगळ्यात मोठ्या मुलाने टायर मुठीत धरून दाबला आणि निकाल दिला, "कडक झालो बाई, आता दगड." मी पण दाबला. दगडच वाटला. सगळ्यांना बोरकूट घेऊन दिलं, त्यांनी मला देवगडचा शॉर्टकट सांगितला ज्यात दोन चढ जास्त होते.

दिवस ९ आणि १० : मालवण, शिरोडा

या दोन दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही कारण मी नुसती दमलेली होते. आधीचं दमणं वेगळं होतं, चढावर दम लागायचा, उतारावर यायचा. आता सपाटीवरसुद्धा चिखलातून चालवतेय असं. कुणकेश्वरच्या देवळाबाहेर बसून समुद्राकडे बघत होते आणि काही वाटत नव्हतं. मिठबाव, आचरा सगळं असंच गेलं. मी ठरवून टाकलं की हेच ते, सलग आठवडा झाल्यावर शरीर आतून संपतं, वय आहे, मेनोपॉज जवळ आलाय, रक्त तपासायला हवं. रात्री मालवणात खोलीवर बसून चक्क डायरीत दीड पान लिहिलं थकव्याबद्दल. बरंच खोल लिहिलं होतं.

सकाळी मात्र घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन जरा जीव आला. खानावळीच्या मावशींनी चौकशी केली.

"खंयसून इलास?"

मुंबईसून, सायकलवरून.

"एकटीच? घरातली काय बोलाक नाय?"

बोलली, पण मी आयकाक नाय. माझं मोडकं मालवणी ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की अजून दोन घावणे आले. मग माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "वायच बस गो. तोंड बघ कसा झाला तुझा." मी पाऊण तास बसले. त्या भांडी घासताना मला त्यांच्या नणंदेची सगळी केस सांगत होत्या, जमीन वाटपाची, आणि मी मध्येमध्ये अकाउंटंट म्हणून सल्ला देत होते. दहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला सायकल सोडून दुसरं काही विचारलं.

परुळे, वेंगुर्ला, शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता, मिठागरं बघायची होती. सात वाजता झोपले.

दिवस ११ : केरी

सकाळी रेडी, तेरेखोल, शेवटची बोट. पाचसात मिनिटांत पलीकडे केरी, गोवा. उतरल्यावर वाटलं होतं काहीतरी भारी वाटेल. पाय जड होते, बस.

हरमलच्या दिशेने एक बारीकसा चढ आहे, चढ म्हणायची लाज वाटावी असा, आणि मी त्यावर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये. मागून पों पों. पोदेर होता, म्हणजे गोव्यातला पाववाला, पावाची मोठी टोपली मागे बांधलेली, निळं प्लास्टिक, जुनी काळी सायकल, गिअर वगैरे काही नाही, पायात स्लिपर. पन्नाशी उलटलेला असेल. तो आरामात माझ्या बाजूला आला, पुढे गेला, मग काय वाटलं काय माहीत, थांबला आणि मागे बघून म्हणाला,

"बाय, फाटल्या टायरांत वारें ना."

मला ऐकू आलं फाटलेला टायर. काळजात धस्स झालं, उतरून टायर चहूबाजूंनी बघते तर कुठे फाटलाय दिसेना. तो हसायला लागला. कोकणीत फाटलें म्हणजे मागचं. त्याने येऊन मागच्या चाकावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला, पिकलेल्या पपईत जावा तसा.

म्हणजे पोरांनी मारली ती हवा मुळातच कमी, त्यात पॅच बारीकसा गळत असणार. तीन दिवस मी जवळजवळ बसक्या टायरवर नऊ किलो सामान ओढत होते, आणि रात्री डायरीत माझ्या वयाबद्दल लिहीत होते.

त्याच्याकडून दोन पोई घेतल्या. एक गरम होती ती तिथेच उभ्याने खाल्ली. तो पों पों करत वर निघून गेला आणि मी रस्त्याच्या कडेला माडाखाली बसून पंप काढला आणि मारायला घेतला, पंचवीस पंचवीसच्या पाळीने, मोठ्याने मोजत.